गरम जॉब मोजायचा नसतो!
स्नायूंची सोनोग्राफी करून घेण्याआधी

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सीएनसीवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, मशीनमधून नुकताच काढलेला जॉब लगेच मायक्रोमीटरला लावायचा का? उत्तर ठरलेलं आहे. आधी तो गार होऊ द्यायचा, मग माप घ्यायचं. लांबीच्या मापांसाठी 20 अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान 1931 मध्येच ठरलं. ओतीव लोखंडाचा 100 मिलिमीटरचा जॉब 30 अंशांनी जास्त गरम असला, तर तो साधारण तीस मायक्रॉनने वाढलेला असतो. तेवढ्यावर चांगला जॉब रिजेक्टमध्ये जातो.

हाच माणूस पोटरी धरली म्हणून सोनोग्राफीला जातो, तेव्हा मात्र ही शिस्त कुणालाच आठवत नाही. आठ तास कामावर उभं राहून, वाटेत बर्फ चोळून किंवा घरी गरम पाण्याची पिशवी ठेवून तो सरळ तपासणीच्या टेबलावर आडवा होतो. स्नायूचंही तापमान बदलतं आणि त्याबरोबर सोनोग्राफीत दिसणाऱ्या काही गोष्टीही बदलतात. स्नायू फाटलाय का, आत रक्त साचलंय का, एवढंच पाहायचं असेल तर तापमानाची फारशी चिंता नको. पण ताठरपणा, रक्तप्रवाह, जाडी यांचा आकडा काढायचा असेल आणि तो महिन्यानंतरच्या आकड्याशी ताडून पाहायचा असेल, तर दोन्ही वेळी स्नायू सारख्याच अवस्थेत असायला हवा. हे कसं साधायचं, ते पुढे सांगतो.

स्नायूचं तापमान 37 अंश नसतं

शरीराचं तापमान म्हणून आपण जो 37 चा आकडा धरतो, तो शरीराच्या गाभ्याचा असतो. हातापायांचे स्नायू त्याहून गार असतात. पंख्याखाली निवांत बसलेल्या माणसाच्या मांडीत कातडीपासून सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर आतलं तापमान 33 ते 35 अंशांच्या आसपास असतं. हाडाजवळ जावं तसं ते 36-37 कडे सरकतं. जोराचं काम किंवा व्यायाम केला की तोच स्नायू 38-39 अंशांवर जातो, कारण खर्च झालेल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो.

आता आपल्याकडचं चित्र बघा. फाउंड्रीत वितळलेलं लोखंड चौदाशे अंशांच्या घरात ओतलं जातं. पोरिंगवरचा माणूस बाहेरची धग अंगावर घेतो आणि लॅडल सांभाळताना मांड्या-पोटऱ्यांना ताण देऊन आतूनही तापतो. फेटलिंगवाल्याचे हात ग्राइंडर धरून तासन्‌तास आवळलेले असतात. सूतगिरणीत धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवतात, त्यामुळे घाम लवकर सुकत नाही आणि अंग गार व्हायला वेळ लागतो. उलट डिसेंबर-जानेवारीत नाईट शिफ्ट सुटल्यावर हायवेने मोटरसायकलवरून घरी जाणाऱ्याच्या गुडघ्याखालचे स्नायू चांगलेच गारठतात. त्यामुळे एकाच माणसाची पोटरी मे महिन्यातल्या दुपारी आणि जानेवारीतल्या पहाटे चार-पाच अंशांनी वेगळी असणं अगदी शक्य आहे.

वैद्यकात ही गोष्ट नवी नाही. हाताला मुंग्या येतात म्हणून नसांच्या वहनाची तपासणी करतात, तेव्हा आधी हाताच्या कातडीचं तापमान पाहतात आणि ते 32 अंशांच्या खाली असलं तर हात ऊबदार करून घेतात. एका अंशाने हात गार झाला की नसेतल्या संदेशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन मीटरने घटतो. चांगली नसही मग आजारी वाटू लागते. ग्राइंडरवर काम करणाऱ्यांना ही तपासणी कधी ना कधी सांगितली जाते, म्हणून हेही ध्यानात ठेवा. स्नायूंच्या सोनोग्राफीत मात्र तापमान मोजण्याची सवय अजून अंगवळणी पडलेली नाही. ती काळजी आपणच घ्यायची.

यंत्र वेळ मोजतं, लांबी नाही

सोनोग्राफीचं यंत्र कातडीवरून आवाजाच्या लहरी आत सोडतं आणि त्यांचा प्रतिध्वनी किती वेळाने परत आला ते पाहतं. या लहरी आपल्याला ऐकू येत नाहीत. स्नायूंसाठी त्या साधारण 7 ते 15 मेगाहर्ट्झच्या असतात. चार सेंटीमीटर खोलीवरून प्रतिध्वनी यायला सुमारे 52 मायक्रोसेकंद लागतात. या वेळेवरून खोली काढताना यंत्र एक गोष्ट गृहीत धरतं : शरीरात आवाज सगळीकडे सेकंदाला 1540 मीटर वेगाने जातो. प्रत्यक्षात स्नायूत तो 1580 च्या जवळपास असतो आणि चरबीत 1450 च्या. म्हणजे 1540 ही सरासरी झाली.

तापमान या वेगात ढवळाढवळ करतं. स्नायूत तीन चतुर्थांश पाणी असतं आणि पाण्याप्रमाणेच तो गरम झाला की त्यातला आवाज किंचित जलद जातो. चरबीचं उलटं आहे, ती गरम झाली की आवाज मंदावतो. पण हा फरक केवढा? स्नायू पाच अंशांनी तापला तर आवाजाचा वेग जेमतेम अर्ध्या टक्क्याने बदलतो. चार सेंटीमीटर जाडीच्या स्नायूत तो फरक 0.2 मिलिमीटरच्या आसपास पडतो. तपासणाऱ्याने प्रोब जरा जोरात दाबला तरी जाडी त्याहून कितीतरी जास्त घटते. त्यामुळे 'अंग गरम होतं, म्हणून सोनोग्राफी चुकली' असं म्हणण्यात अर्थ नाही.

खरा फरक आवाजाच्या वेगामुळे पडत नाही. तापलेल्या किंवा गारठलेल्या स्नायूची अवस्थाच बदलते, त्यात रक्त किती आहे, पाणी किती आहे आणि तो किती सैल आहे हे बदलतं. यंत्र ते इमानदारीने दाखवतं आणि आपण त्याचा अर्थ चुकीचा लावतो.

कुठल्या तपासणीत किती फरक

साधं करडं चित्र. स्नायूचे धागे तुटले आहेत का, मध्ये पोकळी आहे का, रक्ताची गाठ आहे का, हे या चित्रात दिसतं. त्यावर तापमानाचा परिणाम नगण्य. इथे वेळ जास्त महत्त्वाची. मार लागल्यावर पहिल्या काही तासांत साचलेलं रक्त आसपासच्या स्नायूसारखंच दिसू शकतं. एक-दोन दिवसांनी ते वेगळं ओळखू येतं. म्हणून पहिल्या दिवशीची सोनोग्राफी स्वच्छ आली आणि दुखणं मात्र वाढतच राहिलं, तर डॉक्टर पुन्हा करायला सांगतात. तो खर्च वाया गेला असं समजू नका.

जाडी आणि करडेपणा. काही ठिकाणी स्नायूची जाडी मोजतात आणि चित्र किती पांढुरकं आहे, याला 0 ते 255 असा अंक देतात. महिनाभर प्लास्टरमध्ये राहिलेला पाय किती सुकला, हे त्यावरून कळतं. काम केल्याबरोबर स्नायूत रक्त आणि पाणी भरतं, तो फुगतो आणि चित्राचा करडेपणाही बदलतो. पाळी सुटल्यावर लगेच मोजलं तर सुकलेला पाय प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा जाड दिसेल.

डॉप्लर. यात वाहतं रक्त रंगीत दिसतं. दाह असला की तिथे रक्तप्रवाह वाढतो, म्हणून डॉक्टर रंग शोधतात. पण शेक घेतला, चोळलं किंवा जिने चढून आलात तरी रक्तप्रवाह वाढतोच. बर्फ लावला तर तो आक्रसतो. म्हणजे शेकलेल्या जागी नसलेला दाह दिसू शकतो आणि बर्फ लावलेल्या जागी असलेला दाह झाकला जाऊ शकतो. तापमानाचा घोळ सर्वांत सहज होतो तो इथे.

इलास्टोग्राफी. स्नायू किती ताठ आहे ते ही तपासणी आकड्यात सांगते. प्रोब आतल्या आत एक सूक्ष्म धक्का देतो. त्या धक्क्याची लहर स्नायूतून आडवी धावते आणि यंत्र तिचा वेग पकडतं. सैल पडलेल्या स्नायूत तो सेकंदाला दोन-तीन मीटर असतो, ताठ स्नायूत जास्त. साधारणपणे बर्फाने स्नायू ताठरतो आणि ऊब मिळाली की सैलावतो. गोम अशी की ताठरपणाचा आकडा वेगाच्या वर्गावरून काढतात. वेग 2 मीटर असेल तर 12 किलोपास्कल, 2.2 मीटर असेल तर साडेचौदा. वेगात दहा टक्के फरक पडला की रिपोर्टात वीस टक्क्यांहून जास्त दिसतो. 'तुमचा स्नायू पुन्हा ताठरलाय' असं कुणी म्हणालं, तर आधी त्या दिवशी बर्फ लावला होता का, हे आठवून बघा.

याच तपासणीत आणखी एक गफलत होते. काही यंत्रं किंवा केंद्रं ताठरपणाचा आकडा एका पद्धतीने देतात, काही दुसऱ्या पद्धतीने, आणि त्यांत तिपटीचा फरक असतो. त्याच स्नायूला एका रिपोर्टात 12 आणि दुसऱ्यात 4 असा आकडा येऊ शकतो, आणि दोन्ही बरोबर असतात. म्हणून इलास्टोग्राफी पुन्हा करायची असेल तर त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर करा.

शेक, बर्फ, मालिश आणि 'मशीनचा शेक'

कोल्हापूर जिल्हा तालमींचा. पाय मुरगळला की आधी तेल, मग चोळणं, मग गरम पाणी, ही सवय आपल्या हाडीमासी आहे. पण ताज्या दुखापतीत, म्हणजे पहिले दोन-तीन दिवस, शेक आणि जोराचं मालिश टाळाच. आतली रक्तवाहिनी फाटलेली असेल तर त्याने रक्तस्राव वाढतो. सोनोग्राफी करायची असो वा नसो, हा नियम पाळायचाच.

तपासणीच्या दृष्टीने बर्फ आणि शेक यांत एक फरक आहे. शेकाची ऊब मुख्यतः वरच्या सेंटीमीटरभर थरात राहते आणि वाहतं रक्त ती अर्ध्या-पाऊण तासात बरीचशी वाहून नेतं. बर्फाचं तसं नाही. बर्फ काढल्यावरही आतला स्नायू काही वेळ गार होतच राहतो, आणि पूर्ववत व्हायला तासाहून जास्त वेळ लागू शकतो. कातडीखाली चरबीचा थर जाड असेल तर गारवा आत उशिरा पोचतो आणि उशिराच निघतो. म्हणून शेकानंतर किमान तासभर आणि बर्फानंतर किमान दोन तास थांबून तपासणीला जावं.

फिजिओथेरपीत जेल लावून एक गोल डोकं दुखऱ्या जागेवर फिरवतात. त्याला लोक 'मशीनचा शेक' म्हणतात, डॉक्टर अल्ट्रासाउंड म्हणतात. सोनोग्राफीही अल्ट्रासाउंडच. त्यामुळे पुष्कळ जणांना वाटतं, आपली सोनोग्राफी झालीच आहे. दोन्हींत लहरी आवाजाच्याच असतात, पण काम वेगळं. फिजिओथेरपीचं यंत्र 1 किंवा 3 मेगाहर्ट्झवर सलग ताकद लावतं आणि त्याचा हेतूच आतला भाग गरम करणं हा असतो. सोनोग्राफी फक्त बघण्यासाठी असते. तिच्या पडद्यावर टीआय नावाचा एक आकडा असतो, तो यंत्रामुळे जास्तीत जास्त किती अंश तापमान वाढू शकेल याचा अंदाज देतो. स्नायूंच्या नेहमीच्या तपासणीत तो लहानच असतो, त्यामुळे 'सोनोग्राफीने स्नायू तापेल' ही भीती नको. पण मशीनचा शेक आणि सोनोग्राफी एकाच दिवशी असेल, तर सोनोग्राफी आधी, शेक नंतर.

तपासणीच्या दिवशी

पहिली गोष्ट, अपॉइंटमेंट शक्यतो पाळी सुरू होण्याआधी किंवा सुट्टीच्या दिवशी घ्या. सेकंड शिफ्टवाल्याला सकाळची वेळ उत्तम. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावरच जमणार असेल, तर पाळी संपण्याची आणि तपासणीची वेळ यांत दीड-दोन तासांचं अंतर ठेवा. कागलहून कोल्हापूरला जाण्यातच त्यातला बराच वेळ जातो. मात्र थंडीत मोटरसायकलवरून जाताना पाय झाकून घ्या.

दुसरी, आदल्या दिवशी नेहमीपेक्षा जड काम किंवा व्यायाम नको. सवय नसलेल्या कामानंतर अंग एक ते तीन दिवस ठणकतं आणि तेवढे दिवस स्नायूचं चित्रही बदललेलं असू शकतं. पाणी मात्र नेहमीसारखं प्या.

तिसरी, केंद्रावर पोचल्यावर लगेच टेबलावर जाऊ नका. बाहेरच्या बाकड्यावर पंधरा-वीस मिनिटं पाय सैल सोडून बसा. खोलीत एसी जोरात असेल आणि पाय गारठत असेल, तर चादर मागायला लाजू नका. थंड जेल लागलं की माणूस दचकून स्नायू आवळतो. आवळलेल्या स्नायूचा ताठरपणा सैल स्नायूच्या कैकपट येतो, म्हणजे तापमानाने पडणाऱ्या फरकाहून हा फरक कितीतरी मोठा. प्रोब टेकवल्यावर एक दीर्घ श्वास सोडा आणि पाय पूर्ण ढिला करा.

चौथी, गुडघा किंवा घोटा कोणत्या स्थितीत ठेवून मोजलं, ते विचारा. घोटा वर ओढला की पोटरी ताणली जाते आणि आकडा वाढतो. पुढच्या वेळी पाय तसाच ठेवायला सांगा.

रेफरल चिठ्ठीच्या पाठीमागे तुम्हीच चार ओळी लिहून न्या : दुखापत केव्हा झाली, शेवटचं काम केव्हा संपलं, शेक-बर्फ-मालिश केव्हा केलं, वेदनेची गोळी घेतली का. रेडिओलॉजिस्टला हे विचारायला वेळ मिळेलच असं नाही, पण लिहिलेलं तो वाचतो.

स्नायू मोजायला शिकणाऱ्या तरुण फिजिओथेरपिस्टांनी आणि तंत्रज्ञांनीही एक सवय लावून घ्यावी. कपाळावर धरतो तो इन्फ्रारेड थर्मामीटर या कामाला चालेलच असं नाही, कारण बरेचसे तापाच्याच पट्ट्यात मोजतात. कातडीचं तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर ठेवा. कातडीचा आकडा म्हणजे स्नायूचा आकडा नव्हे, पण 'मागच्या वेळी कातडी 32 वर होती, आज 27 वर आहे' एवढं कळलं तरी घाईचा निष्कर्ष टळतो. प्रोबचा कोनही सांभाळा. तो कलला की निरोगी स्नायूही काळपट दिसतो.

कंपनीत मशीन का येत नाही?

एचआरवाले कधी कधी विचारतात, आरोग्य शिबिरात सोनोग्राफीचं मशीन गेटवर आणता येईल का? गर्भलिंग निदान रोखणाऱ्या 1994 च्या कायद्यामुळे सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र आणि त्याची जागा नोंदवावी लागते, मग ते स्नायू पाहण्यासाठी असलं तरी. यंत्र वाटेल तिथे हलवता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्याने याबाबत पुढाकारही घेतलाय. लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना, 2010 च्या सुमारास, इथल्या सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं नोंद ठेवणारं उपकरण बसवलं गेलं. यंत्र हलवता येत नसल्यामुळे रुग्णानेच केंद्रात जायचं असतं. कंपनीने करायचं ते एवढंच : कामगाराला भट्टीवरून थेट तपासणीला न धाडता थोडा आधी सोडावं, आणि फेरतपासणीलाही त्याच वेळी सुट्टी द्यावी.

इथे थांबायचं नाही

वर सांगितलेलं थांबणं, विसावणं हे तातडीच्या दुखण्याला लागू नाही. एकच पोटरी अचानक सुजली, गरम आणि लाल झाली, दाबल्यावर दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉप्लर करून घ्या. दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर एक मिनिटही घालवू नका.

उन्हाळ्यात भट्टीजवळ काम करून स्नायू असह्य दुखू लागले, हातपाय गळून गेले आणि लघवी कोल्ड्रिंकसारखी तपकिरी झाली, तर स्नायूंचे धागे विरघळून त्यातला घटक मूत्रपिंडात अडकत असण्याची शक्यता आहे. याचं निदान सोनोग्राफीवर होत नाही. रक्तातलं सीपीके तपासावं लागतं आणि सलाइन लगेच सुरू करावं लागतं. कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय किंवा जवळचं दुसरं मोठं रुग्णालय गाठा. आणि काम करता करता कुणी बरळू लागला, अंग तापून कोसळला, तर त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि रुग्णवाहिका बोलवा. तिथे बर्फ आणि गार पाणी जितकं लवकर तितकं चांगलं.

आकडा हातात आल्यावर

दोन रिपोर्ट शेजारी ठेवून बघताना तीन प्रश्न विचारा. केंद्र आणि यंत्र तेच होतं का? पाय त्याच स्थितीत होता का? दोन्ही वेळी स्नायू सारखाच विसावलेला होता का? एकाचं उत्तरही 'नाही' असेल तर लहानसहान फरकावरून घाबरू नका आणि खूशही होऊ नका. दुसरा पाय त्याच दिवशी मोजून घेणं हा सोपा उपाय. दोन्ही पाय त्याच हवेत, त्याच खोलीत असतात, त्यामुळे दुखऱ्या-निरोगी बाजूंची तुलना पुष्कळदा महिन्यापूर्वीच्या आकड्यापेक्षा भरवशाची ठरते. मात्र त्या दिवशी शेक किंवा बर्फ एकाच पायाला लावलेला नसावा.

कामावर कधी परतायचं, हेही केवळ रिपोर्टावर ठरवू नका. पोटरीची दुखापत असेल तर एका पायावर उभं राहून टाच पंचवीसेक वेळा न दुखता उचलता येते का, दुसऱ्या पायाइतकीच ताकद लागते का, जिना उतरताना पाय कचरतो का, हे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टसमोर करून दाखवा. चित्र पूर्ण भरून आलेलं दिसायला बऱ्याचदा ताकद परतल्यानंतरही वेळ लागतो. उलट चित्र बरं दिसतं आणि पाय अजून तयार नसतो, असंही होतं. पहिला आठवडा हलक्या कामाचा मागून घ्या, लॅडल आणि उचलापाचल दुसऱ्या आठवड्यापासून, तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर.